मुठीचा तांदूळ

स्कूटर स्टँडला लावली, किल्ली काढली आणि मान न वळवता म्हटलं, "उतर वं सावकाश, खड्डा आहे." मागून कोणी उतरलं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी बायको नूतन जाऊन साडेतीन महिने झाले होते, आणि मी तिला चर्चला घेऊन आलो होतो. दोष द्यायचा तर मिस्त्रीला द्यावा. डिसेंबरपासून गाडी पोर्चमध्ये मेल्यासारखी पडून होती, बॅटरी उतरलेली. शनिवारी त्यानं ती सुरू करून दिली आणि रविवारी सकाळी माझ्या अंगानं मला न विचारता आपलं काम केलं. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, चंद्रपूरच्या जटपुरा गेटातून डावीकडं, फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली आपली ठरलेली सावली. एकतीस वर्षं मी याच सावलीत बसलो. ती आत, मी बाहेर. ती दीड तास तिच्या देवाशी बोलायची आणि मी गाडीवर बसून पेपर वाचायचो, जाहिरातींसकट. लोक म्हणायचे, कंडक्टरसाहेब, आत या ना, पंखा आहे. मी म्हणायचो, आमची गाडी डेपोच्या बाहेरच बरी. हसायचे लोक. आज हसायला कोणी नव्हतं, सगळे आत होते. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार होता, लेकरं शिंदीच्या फांद्या घेऊन धावत होती, आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवून उभा होतो. सीट उन्हानं तापली होती. घरी परत जावं इतकंही मला सुचलं नाही.

आता कोणी म्हणेल, एकतीस वर्षांत एकदाही आत गेला नाहीस, एवढा कसला रे ताठा? ताठा नव्हता. मी दादाजी, मूलच्या बाजूच्या एका खेड्यातला बौद्ध माणूस. माझा बाप छप्पनच्या साली पायी, बैलगाडीनं, मिळेल तसा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि मरेपर्यंत त्या दिवसाच्या तोऱ्यात जगला. तो मला सांगायचा, हात जोडशील तर तथागतापुढं जोड, पण मागायसाठी नाही, आपल्यात मागणं नसते. जे करायचं ते आपल्या मनगटानं. मला ते पटलं, अजूनही पटतं. नूतनलाही ते ठाऊक होतं. बुद्धपौर्णिमेला खीर तीच करायची, बाबासाहेबांच्या फोटोला हार तीच आणायची, आणि माझ्यापेक्षा वेळेवर आणायची. आमच्यात भांडण कधी देवावरून झालं नाही, झालं ते मीठ आणि माझी विडी यावरून. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, आज सांगतो. मला तिच्या त्या देवाचा हेवा वाटायचा. पहाटे पाचला मी पहिल्या गाडीसाठी निघायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसलेली असायची, डोळे मिटून, ओठ हलत असायचे. माझ्याच घरात माझी बायको कोणाशी तरी रोज बोलते आणि काय बोलते ते मला माहीत नाही. एकदा बुटाची लेस बांधता बांधता विचारलंच. ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमचंच सांगून राह्यली." झालं, त्यानंतर मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलं काय सांगते ते. दुसरं काय असणार? याला आत आण. एकतीस वर्षं ती एकच गोष्ट मागत राहिली आणि मी कडुलिंबाखाली पेपर वाचत राहिलो. नागपूरला, शेवटच्या आठवड्यात, तिच्या नाकात नळ्या होत्या आणि ओठ हलत होते. मी कान तोंडाशी नेला. नुसता श्वास ऐकू आला, शब्द नाही. माझ्यावर नाराज होऊन गेली का ती? एवढंच मला पाहिजे होतं, बाकी काही नको होतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याच्याशी माझी बोलचाल नव्हती.

उपासना सुटली तसे दिनेश पास्टर बाहेर आले. तरुण माणूस, करिश्माच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचा. गाडी पाहिली, मला पाहिलं, रिकामी सीट पाहिली आणि काही न बोलता शेजारी कठड्यावर बसले. हे मला आवडलं. थोड्या वेळानं म्हणाले, काका, बरं झालं भेटले, तुमच्याकडे येणारच होतो. एटापल्लीकडून सोमारीबाईचा फोन होता. पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण, तिकडची मंडळी नूतनबाईंच्या मुठीच्या तांदळाची आठवण काढत होती. डबा भरला असेल ना? कोणता डबा, असं तोंडावर आलं होतं, पण त्याच क्षणी मला तो दिसला. ओट्याखालचा निळ्या झाकणाचा पंधरा किलोचा डबा. मी म्हटलं, आहे ना, आहे. पस्तीस वर्षं एसटीत काढली मी. बिना तिकिटाचा माणूस आधी खिडकीबाहेर पाहतो, मग खिसे चाचपतो. मी रस्त्याकडं पाहत होतो.

घरी येऊन झाकण उघडलं. तळाला दोन वाट्या तांदूळ उरला होता. झालं असं, की जानेवारीत पाहुणे पांगले, करिश्मा पुण्याला गेली, आणि कोठीतला तांदूळ संपला. तेव्हा मला हा डबा सापडला, काठोकाठ भरलेला. मला काय आनंद झाला. म्हटलं, बाईनं जाता जाता सोय करून ठेवली. तेव्हापासून मी तोच शिजवत होतो. भात मात्र मेला कधी धड व्हायचा नाही. काही शितं गिजकी, काही कच्ची, एखादं लालसर, एखादं बारीक एचएमटीचं, एखादं रेशनचं जाडं. मी दुकानदाराला शिव्या घालत घालत खायचो. टीव्ही लावून, ताट मांडीवर घेऊन, एकटा. करिश्माला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आई दोन्ही वेळा भात टाकायच्या आधी घेतलेल्यातून एक मूठ काढायची आणि त्या डब्यात टाकायची. देवाची मूठ. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? नव्हतं ना. दरवर्षी मोहाची फुलं पडायच्या दिवसांत नूतन एक पोतं घेऊन एटापल्लीकडे जायची, ते पोतं मी स्वतः गाडीत चढवायचो. मला वाटायचं गरिबांसाठी विकत घेते. ती भात टाकायची तेव्हा मी कुठंतरी गोंडपिपरीच्या स्टँडवर डबल बेल मारत असायचो, आणि रिटायर झाल्यावर टीव्हीपुढं. चुलीपाशी तिचं काय चालतं ते मला एकतीस वर्षांत एकदाही दिसलं नाही. दोन वाट्या तांदळाकडं पाहत मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि मला हसू आलं. बुद्धाचा माणूस मी, आणि येशूचा तांदूळ खाऊन बसलो. मग ते हसू कुठंतरी अडकलं.

शनिवारी पंधरा किलो उत्तम एचएमटी घेतला, पोत्यात भरला, तोंड शिवलं आणि एटापल्लीची गाडी धरली. कोणाला कळणार होतं? तांदूळ तो तांदूळ. पोरगेला कंडक्टर होता, मला ओळखून त्यानं सामानाचं तिकीट फाडलं नाही, मी त्याला फाडायला लावलं. गाडी आष्टीच्या पुलावर आली, खाली वैनगंगा उन्हाळ्याची, अर्धी वाळू अर्धं पाणी, आणि मला नूतन पहिल्यांदा याच पुलावर भेटली ते आठवलं. एटापल्लीच्या बाजूला आरोग्य केंद्रात नवी लागलेली नर्स, मांडीवर लसीचा थंड डबा. मी म्हटलं लगेज लागेल. ती म्हणाली, यात लेकरांच्या लसी आहेत. मी म्हटलं, लेकरं असो की बकरं, लगेज म्हणजे लगेज. तिनं पैसे दिले, आणि उतरताना म्हणाली, "तुम्हाले कोनी कधी फुकट काही देल्लं नाई वाटते." त्या वाक्यावर मी लग्न केलं. पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं होतं, तुमच्यात ते कृपा, कृपा काय करता सारखं, ते काय असते? ती चपात्या लाटत होती. म्हणाली, बिना तिकिटाचा प्रवास. मी भडकलो. म्हटलं, मग बाकीच्यांनी तिकीट कशाला काढायचं? हा अन्याय आहे. ती म्हणाली, कोणीच काढत नाही तिथं, काढताच येत नाही. मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही, आणि गाडीत बसून पुन्हा विचार केला तरी पटलं नाही. आलापल्लीच्या पुढं लोहखनिजाचे ट्रक समोरून येत होते, सागाची पानं लाल धुळीनं माखलेली, आणि मांडीला लागलेलं पोतं जड वाटत होतं.

सोमारी फाट्यावर उभी होती. साठीची माडिया आदिवासी बाई, बारकी, काटक. तिचं पहिलं लेकरू आडवं आलं होतं तेव्हा नूतननं रात्रभर कंदिलाच्या उजेडात ते सोडवलं, त्यातूनच इथली ही ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, तिची आणि आणखी पंधरा-वीस घरांची. तिनं मला पाहिलं, पोतं माझ्या हातून घेऊन डोक्यावर ठेवलं आणि चालायला लागली. मी तिच्या घरी पडवीत झोपलो. सकाळी उजाडता उजाडता जाग आली तर गावात बाया नव्हत्या. सणाचा दिवस, मला वाटलं पहाटेची उपासना असेल. पण सगळ्या मोहावर गेल्या होत्या. मीही मागोमाग गेलो. झाडाखाली पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, तिच्यावर पिवळसर फुलं टपटप पडत होती, सगळीकडं तो गोड, जड वास, आणि बाया ओणव्या होऊन वेचत होत्या. मी सोमारीला विचारलं, आज तरी उपासना आधी पाहिजे ना? ती वेचता वेचता म्हणाली, "मोह थांबत नाई. ऊन चढलं का ढोरं खाते. प्रभू थांबते." इतकं साधं होतं ते. चंद्रपूरला नऊच्या ठोक्याला उपासना सुरू व्हायची आणि नूतन मला घाई करायची, आणि इथं देव बायांचं काम आटोपायची वाट पाहत होता. मीही बसलो आणि वेचायला लागलो. माझी टोपली काही भरली नाही, पण गुडघे दुखायला लागले आणि तेवढा वेळ मी दुसरं काही आठवलं नाही.

परत आल्यावर सोमारीनं जेवणासाठी पोत्याची शिवण उसवली आणि आत हात घातला. हात तसाच राहिला. तिनं मूठभर तांदूळ वर काढला, उन्हात धरला, तळहातावर पसरला. सगळे दाणे एका मापाचे, बारीक, पांढरे. "हा मुठीचा नाई," ती म्हणाली. "हा दुकानातला." मी खिडकीबाहेर पाहायला खिडकी शोधली, पडवीला खिडकी नव्हती. मग सांगून टाकलं. सगळं सांगितलं, डबा, जानेवारी, गिजका भात, दुकानदाराला दिलेल्या शिव्या. सांगताना माझा आवाज चोरासारखा झाला होता. म्हटलं, सोमारीबाई, तुमच्या देवाचा तांदूळ मी खाल्ला, सगळा, तीन महिने, भरून द्यायला आणला तर तोही खोटा निघाला. सोमारी ऐकत होती, आणि मग हसायला लागली. तोंडाला पदर लावून, आधी हळू, मग अंग हलवून. शेजारची एक बाई आली, तिला माडियात सांगितलं, तीही हसली. मला राग आला. म्हटलं, हसायला काय झालं? तेव्हा तिनं मला समजावलं. मुठीचा तांदूळ कोणासाठी असतो, हे मला नूतननं सांगितलं नव्हतं का? ज्याच्या घरी त्या वर्षी माणूस गेलं त्या घरी आधी जातो. त्या घरच्याला शिजवायचं मन होत नाही, बाजारात जायचं मन होत नाही, म्हणून बाकीच्या घरांनी वर्षभर आपल्या भातातली मूठ काढून ठेवलेली असते. उरला तर मग सणाला. "औंदा तुह्याच घरी मानूस गेलं," ती म्हणाली. "तांदूळ तुह्याच घरी होता. तूच खाल्ला. यात चुकलं काय?"

अंगणातल्या ओट्यावर मोह वाळत घालायचा होता, सोमारी फुलं पसरायला लागली, मीही हात लावला. हाताला चिकट लागत होतं. आणि मग जे विचारायला मी एवढ्या दूर आलो होतो ते विचारलं. म्हटलं, नूतन इथं दरवर्षी यायची. तुम्ही सगळे आपापल्या विनंत्या बोलून दाखवता ना, प्रार्थनेच्या आधी? माझ्याबद्दल काय मागायची? खरं सांग. मी आत यावं म्हणून रडायची का? सोमारीनं माझ्याकडं पाहिलं. माणूस येडा आहे की काय, असं पाहिलं. म्हणाली, तसं कधीच नाही मागितलं. तसं मागितलं असतं तर आम्हाला आठवलं असतं. दरवर्षी एकच होतं तिचं. दुखणं सुरू झालं त्या वर्षीही तेच, आम्ही म्हटलं बाई, तुझ्या अंगासाठी माग, तरी तेच. "माह्या कंडक्टरले जेवतानी बाजूले कोनी पाह्यजे. त्याले एकट्यानं जेवता येत नाई, तो सांगत नाई." एवढंच.

मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. एकतीस वर्षांचं ओझं होतं ते, एका वाक्यात उतरलं. पण मला आधी राग आला, काय करता, स्वभाव. मी म्हटलं, मग ऐकलं नाही त्यानं. तीन महिने मी एकटाच जेवलो. टीव्हीपुढं, भिंतीकडं पाहत, एकेक दिवस अर्धं ताट तसंच सरकवून दिलं. कुठं होता तो? कोण होतं बाजूला? माझा आवाज चढला होता. सोमारीनं वाद घातला नाही, येशूचं नावही काढलं नाही. ती फुलं पसरत राहिली आणि म्हणाली, "भात कोनाचा होता?"

मला उत्तर ठाऊक होतं. नूतनची मूठ लहान होती. हाताला बांगडी चढवताना मी चिडवायचो तिला, लेकराचा हात आहे म्हणून. दोन्ही वेळा, भात टाकण्याआधी, तो लहानसा हात डब्यावर यायचा, मिटलेला, आणि उघडायचा. दुखत असतानाही. उभं राहता येत नव्हतं तेव्हा स्टूल घेऊन बसून. प्रत्येक मुठीसोबत ओठ हलले असतील, माझंच सांगत असेल. आणि मग ते सगळे तांदूळ, एचएमटी, रेशनचे, लाल, पांढरे, एकात एक मिसळून माझ्या ताटात आले होते, आणि मी शिव्या देत देत, टीव्हीचा आवाज वाढवून, जेवलो होतो. एक दिवसही उपाशी राहिलो नव्हतो. तिथं, त्या ओट्याशी, हाताला मोहाचा चिकटा लागलेला असताना, मला कळलं की माझ्या शेजारी कोणी तरी आहे. दिसलं काही नाही, ऐकूही आलं नाही. गाडीत डुलकी लागलेल्या माणसाच्या शेजारी कोणी येऊन टेकलं की त्याला डोळे न उघडता कळतं, तसं कळलं. नूतन नव्हती ती. नूतनला मी ओळखतो. ती ज्याच्याशी बोलायची तो होता. मला भीती वाटली नाही. मी हललो नाही, हललो तर उठून जाईल असं वाटलं. तसं काही झालं नाही, तो राहिला. सोमारी म्हणाली, अरे, फुलं पसर, ढीग करून ठेवला का?

उपासना दहानंतर झाली. चार खांब, वर पळसाच्या पानांचा मांडव, भिंत एकही नाही. मी सवयीनं बाहेर बसायला जागा पाहिली, पण आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं तेच समजेना, शेवटी सगळ्यांत मागं टेकलो. तिथंही सावली येत होती. गाणी माडियात होती, मला शब्द कळले नाहीत. मी बौद्ध होतो, तसाच बसून होतो, कोणी मला दुसरं काही व्हायला सांगितलं नाही. मग पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, भात, डाळ, वांग्याची भाजी. एका बाजूला एक म्हातारा बसला, दुसऱ्या बाजूला एक बाई लेकराला मांडीवर घेऊन, आणि समोर सोमारी. मी घासाला हात घालणार तेवढ्यात लक्षात आलं, कोणी जेवत नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. सोमारी म्हणाली, इथं जेवणाआधी पाहुणा देवाशी बोलतो, आमची रीत आहे. मी म्हटलं, मला येत नाही. मी आयुष्यात मागितलं नाही कधी. ती म्हणाली, मागू नको, नुसतं बोल. आणि तिनं डोळे मिटले. मग सगळ्यांनी मिटले, म्हाताऱ्यानं, बाईनं, मांडीवरच्या लेकरानंही एक डोळा उघडा ठेवून. भात निवत होता. मला कोणी घाई केली नाही. मी हात जोडले नाहीत, मांडीवरच ठेवले. घसा खाकरला.

"देवा," मी म्हटलं, "तू मले ओळखत नसशीन. मी नूतनचा मानूस आहो."

पुढं काही निघेना. इतक्या लोकांपुढं, भर उन्हात, साठ उलटलेला माणूस मी, रडायला लागलो. कोणी डोळे उघडले नाहीत.

"ओळखते तो," समोरून सोमारी हळूच म्हणाली. "तू पुढं बोल."

मी पुढं बोललो.